पहिले साठ फूट

स्वयंपाकघरातल्या टेबलाखालून कुर्र असा आवाज आला आणि घरातली शांतता मोडली. रविवार, सकाळचे सहा. माझी लेक पर्ल अजून झोपलेली होती, आणि ती झोपलेली असताना मिळणारा अर्धा तास मी सहसा कोणाला देत नाही. कॉफी घेऊन मी नुकतीच टेकले होते. समोर बाबा. हातात टोस्ट, नजर खिडकीबाहेर, चेहरा अगदी भोळा. मी वाकून पाहिलं. न्हाणीघरातला वजनकाटा त्यांनी टेबलाखाली आणून ठेवला होता आणि त्यावर डावा पाय दाबत होते. दाबायचा, धरायचा, सोडायचा. सोडला की काट्याची स्प्रिंग कुरकुरायची.

"ब्रेकवर किती जोर लागतो ते बघतोय," ते म्हणाले, आणि टोस्टचा तुकडा तोडला.

तेवढ्यात आतून पर्लची हाक आली. माझा अर्धा तास संपला.

बाबांचं नाव व्हर्लिन. चौतीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या हातातून कप निसटला, तोंडाची डावी बाजू खाली आली, आणि चार दिवस दवाखान्यात काढून ते चालत घरी आले. सगळं परत आलंय, असं डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून, जवळजवळ सगळं, असं म्हणाले. बाबांनी पहिलं वाक्य ऐकलं, मी दुसरं. तेव्हापासून आमचं भांडण तेच आहे.

त्यांची गाडी दोन दारांची, गडद हिरवी, मी जन्मले त्या वर्षी घेतलेली. आठवडाभर ती साधी घरची गाडी असते. तिच्यातून किराणा येतो, आणि मंगळवारी-गुरुवारी पर्ल बालवाडीत जाते, कारण दाताच्या दवाखान्याचं दार मला साडेसातला उघडायचं असतं आणि नवरा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. रविवारी मात्र तीच गाडी सोयाबीनच्या शेतांमधल्या त्या सरळ पट्ट्यावर जाते. तिथे कोणीही आपली रस्त्यावरची गाडी आणावी, प्रवेशाचे पैसे भरावेत, शेजारच्या गाडीबरोबर रेषेवर उभं राहावं, दिवे लागले की सुटावं. मैलाचा आठवा भाग. सात-आठ-नऊ सेकंदांत सगळं संपतं.

लोक वेग बघायला जातात. बाबांना वेगाचं काही नाही. त्यांचा जीव पहिल्या साठ फुटांत. "नंतरचं सगळं इंजिन करतं, पहिले साठ फूट माणूस करतो," हे त्यांनी मला सोळाव्या वर्षी शिकवलं, जेव्हा इतर बाप मुलींना मुलांपासून सांभाळायला शिकवत होते. धावपट्टी संपली की खिडकीतून एक चिठ्ठी मिळते, आणि तिच्यावर त्या साठ फुटांना किती वेळ लागला ते वेगळं छापलेलं असतं. आजारपणाआधी बाबांचा आकडा दोन सेकंदांच्या आसपास असायचा. कधी त्याच्याही खाली. नंतर दोन पूर्णांक तीन. मग त्याच्याही पुढे. फरक म्हणजे पापणी मिटून उघडावी एवढा, पण आमच्याकडे एवढ्यावरून भावाभावांनी बोलणं सोडलंय.

दोन वर्षं त्यांनी दोष शोधला, आणि तो सदैव गाडीत शोधला. मागची चाकं घसरतात म्हणून नवे टायर. तरी आकडा तोच, म्हणून मागच्या स्प्रिंगा. मग मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून बॅटरी पुढून काढून डिकीत. त्या पायी मी एक अख्खा शनिवार वायरी धरून उभी होते आणि पर्ल ग्रीस खायचा प्रयत्न करत होती. आता वजन. त्या सकाळी त्यांनी सुटं चाक काढलं, जॅक काढला, मागच्या सीटला बांधलेली पर्लची खुर्ची सोडवून माझ्या गाडीत ठेवली, आणि सीटखालून व्हॅक्यूमने मनुका ओढून काढून त्याच काट्यावर तोलल्या. अर्धा पौंड. वर्षभर अर्धा पौंड मनुका घेऊन पळतोय, असं ते मला अशा सुरात म्हणाले की जणू मनुका मी खाल्ल्या होत्या.

तेव्हा पुढे बाबा आणि मागे माझ्या छोट्या गाडीत मी आणि पर्ल, अशी आमची वरात निघाली. मी का जाते, असं नवरा विचारतो. त्यांच्या मागून गाडी चालवली की ते कसे चालवतात ते दिसतं, म्हणून जाते.

पहिली फेरी, दोन पूर्णांक छत्तीस. बाबांनी गुडघे टेकून मागच्या टायरमधली हवा थोडी सोडली, म्हणजे रबर रस्त्याला जास्त चिकटेल. दुसरी फेरी, अडतीस. आणखी हवा सोडली. ऊन चढलं. पर्लला भूक लागली, म्हणून मी तिला घेऊन खाण्याच्या टपरीवर गेले. तिथे हॉलिस उभा होता, हातात स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठं डुकराच्या मांसाचं सँडविच. हॉलिसने बसच्या गॅरेजात बाबांबरोबर वीस वर्षं काढली. आता रविवारी तो सुटायच्या रेषेवर उभा राहून गाड्यांना पुढे-मागे करतो. त्याने आधी पर्लला एक चिप्सचा पुडा दिला. मला तिथेच कळायला हवं होतं की काहीतरी बोलायचंय.

इकडचं तिकडचं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "डेसा, तुझा बाप ब्रेक दाबलेला ठेवून सुटतो. हिरवा लागतो, गाडी निघते, आणि मागचे लाल दिवे तसेच. मी मागेच उभा असतो ना."

कधीपासून, मी विचारलं. दोन वर्षं झाली, तो म्हणाला. मला संताप आला. दोन वर्षं, टायर, स्प्रिंगा, बॅटरी, आणि हा माणूस सँडविच खात बघतोय. मग सांगितलं का नाहीस, असं मी म्हटलं.

"मी सांगितलं तर रविवारी मला शिव्या कोण घालणार?" तो म्हणाला. त्याचा चेहरा गमतीचा नव्हता.

तिसरी फेरी मी कुंपणाशी उभी राहून मागून पाहिली. आमच्या गाडीत क्लच नाही. रेषेवर डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा, उजव्याने इंजिन थोडं वर आणायचं, आणि वेळ आली की डावा पाय झटक्यात उचलायचा. एवढंच. तीन पिवळे एकाखाली एक लागले, मग हिरवा. गाडी निघाली, आणि मागचे दोन लाल दिवे तिच्याबरोबर निघाले. दोन गाड्यांच्या लांबीइतकं अंतर ते पेटलेले होते. मग विझले.

बाबा रस्त्यावरही ब्रेक डाव्याच पायाने मारतात. जन्माची सवय. मला धान्याच्या कोठाराजवळचा तो चौक दिसला, जिथून मका भरलेले ट्रक न बघता वळतात. मंगळवार, गुरुवार. मागच्या सीटवर पर्ल, मनुका खात.

ते परत आले तेव्हा मी सरळ सांगितलं. कोणी सांगितलं ते सांगितलं नाही. ते हसले. दिव्याचा स्विच अडकतो, म्हणाले, जुन्या गाड्यांना होतंच. मी त्यांना मागे उभं केलं, आत बसले, ब्रेक दाबला, सोडला. दिवा तत्काळ विझला. दहा वेळा केलं. दहाही वेळा विझला.

"थंड असताना नीट चालतो," ते म्हणाले.

"बाबा, या गाडीत आता बदलायचं काय राहिलंय? छत?"

माझा आवाज चढला होता. बाजूच्या गाडीवाल्याने आपलं डोकं बॉनेटखाली आणखी आत घातलं. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"तू चालव," ते म्हणाले. "तुझा आकडा माझ्याएवढाच आला, तर दोष गाडीचा. मग पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाहीस."

"आणि कमी आला तर?"

त्यांनी पर्लकडे पाहिलं. ती चिप्सचा चुरा मुंग्यांना वाटत होती.

"तर मंगळवारपासून तिला तू सोड. मी गाडी चालवणार नाही. इथे नाही, रस्त्यावरही नाही."

मी बसले. सीट पुढे ओढली. सहा वर्षं मी त्या रेषेवर गेले नव्हते, आणि मी वाईट चालवण्यात ज्यांचा सगळा फायदा होता, तेच खिडकीत वाकून मला शिकवू लागले. समोर पाण्याचं डबकं केलेलं असतं, त्याच्या बाजूने जा, आतून नको. ते गुळगुळीत टायरवाल्यांसाठी आहे. आपल्या टायरच्या खाचांतून पाणी रेषेपर्यंत येतं आणि मग चाकं नुसती फिरतात. चाकं कोरडीच जरा फिरव, धूर काढत बसू नकोस. इंजिनाचा काटा अठराशेच्या वर नेऊ नकोस. तिसरा पिवळा लागला की पाय उचल. हिरव्याची वाट बघितलीस तर गेलीस. सोळाव्या वर्षी सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. चुकीचं शिकवणं त्यांना जमलंच नसतं. मला इतका राग आला त्यांचा, आणि इतकी माया आली, की काच वर करावी लागली.

रांगेत पुढे सरकताना मी ठरवलं होतं. पाय सावकाश उचलायचा. दोन पूर्णांक पस्तीस आणायचे आणि गप्प बसायचं. कोणाला कळणार होतं? एकूण वेळ वर मोठ्या फलकावर दिसतो, पण साठ फुटांचा आकडा फक्त चिठ्ठीवर असतो. त्यांना टायर बदलू देत, स्प्रिंगा बदलू देत. मरेपर्यंत बदलू देत. मंगळवार-गुरुवारचं मी बघेन काहीतरी. काहीतरी म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

हॉलिसने हाताने पुढे बोलावलं. मला स्टिअरिंगमागे बघून त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि मान हलवली. मी गाडी रेषेवर लावली. डाव्या पायाखाली ब्रेक घट्ट, उजव्याखाली इंजिन वर येतंय, आणि गाडी कशी दबून बसते, अंग चोरून, ते मला आठवलं. पहिला पिवळा. दुसरा. सावकाश, मी स्वतःला सांगितलं. तिसरा लागला आणि माझा पाय उचललेला होता. मी उचलला असं म्हणवत नाही. त्यांनी चौदा वर्षांपूर्वी जो पाय घडवला होता, तो उचलला गेला. मागून कोणी ढकलल्यासारखी गाडी सुटली, चाकं घसरली नाहीत, आणि हिरवा दिवा मला बाजूने जाताना दिसला.

खिडकीतल्या बाईने चिठ्ठी दिली. दोन पूर्णांक शून्य दोन.

परतीचा रस्ता शेताच्या कडेने येतो. मी तो पायी चालल्यासारखा हळू पार केला. काच उघडी होती, वारा होता, चिठ्ठी हलकी होती. मी ती मांडीखाली दाबून धरली.

बाबा पर्लचा हात धरून उभे होते. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. चाकं घसरली का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. मग मी चिठ्ठी पुढे केली. चष्मा न लावता, हात लांब करून त्यांनी ती वाचली. वरून खाली, सगळी, जणू आणखी कुठे काही लिहिलेलं असेल. चिठ्ठीची घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"पाय छान उचललास," ते म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं, की वारा मागून होता, की नशीब होतं. त्यांनी ऐकून घेतलं नसतं. ते गुडघे टेकून रस्त्यासाठी टायरमध्ये पुन्हा हवा भरू लागले. चारही टायर तपासले, पुढचे दोन तपासायची काहीच गरज नव्हती तरी. हॉलिसला हाक मारून, डेसाची गाडी संध्याकाळी घरी आणून सोड, असं सांगितलं. हॉलिस बरं म्हणाला आणि बराच वेळ हातातल्या फडक्याने हात पुसत राहिला. मग बाबांनी माझ्या गाडीतून पर्लची खुर्ची काढली आणि हिरव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवली. सीटवर गुडघा टेकून, सगळं वजन टाकून पट्टा ओढला, खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली, पट्टा आणखी एक बोट घट्ट केला. पर्लला उचलून आत ठेवलं, तिची बकल लावली, तोंडाला लागलेला चुरा अंगठ्याने पुसला. मग गाडीच्या पुढून वळसा घालून ते पलीकडे गेले, माझ्या बाजूच्या सीटवर बसले, आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. त्या बाजूला मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. पाय कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नसावं.

मी किल्ली फिरवली. रेषेवर दुसऱ्या गाड्या सुटत होत्या. पर्ल मान वळवून त्या बघत होती. बालवाडीत घसरगुंडीवर कोण कोणानंतर, हे सध्या तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे.

"आधी आजोबा गेले," ती मागून बोटं मोजत म्हणाली, "मग आई गेली. आता आजोबांची पाळी कधी?"