न अडखळणारा संघदीप

संघदीप बर्फाखाली गेला त्याला चार वर्षं झाली, आणि या पंधरा ऑगस्टला तो पलासियाच्या चौकात बोलला.

पडद्यावर बोलला. गल्लीतल्या मंडळाच्या गजाननभियानं, म्हणजे गजाननभाऊनं, कुठल्याशा ॲपमध्ये त्याचा वर्दीतला फोटो घातला आणि फोटोचे ओठ हलले. "मैं मरा नहीं हूँ, माँ. दुश्मन से कह देना, मैं सरहद पर खड़ा हूँ." भरदार, खर्जातला आवाज. दुश्मन कुठून आणला कोण जाणे. पोरगं हिमकडा कोसळून गेलं होतं. पण बर्फाच्या नावानं टाळ्या पडत नाहीत. चौक ढसाढसा रडला. सगळ्यांत पुढे बसलेली त्याची आई, प्रभावती, पदरानं डोळे पुसत हसत होती.

शेजारी बसलेली संबोधी, त्याची थोरली बहीण, मात्र गारठून गेली. तिच्या भावाला एक वाक्य सलग बोलता येत नसे. तो अडखळायचा, स्वतःच हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

संबोधी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. राष्ट्रवादाचा धडा तिला तोंडपाठ. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं स्वतःला एक मानू लागतात ती सामायिक आठवणींवर. म्हणून राष्ट्राला झेंडा लागतो, शत्रू लागतो आणि मेलेली माणसंही लागतात. दरवर्षी ती हे फळ्यावर लिहायची, हाताचा खडू झटकायची आणि घरी यायची. आता तो धडा घरीच राहायला आला होता.

व्हिडिओ आईच्या फोनवर आला आणि मग बंद होईना. पोहे परतताना तो, देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून झाली की तो. छत्रीबागेतल्या त्यांच्या गल्लीत शेजारच्या खिडक्यांमधूनही तोच. संबोधी न्हाणीत असली तरी भिंतीपलीकडून भाऊ बोलायचा, एकदाही न अडखळता. ती नळ मोठा सोडायची.

शेवटी ती गजाननकडे गेली.

"तो असा बोलायचा नाही, भिया. काढून टाका ते."

गजानन वरमला. माणूस वाईट नव्हता. संघदीप गेल्यावर त्याच्या जलदानविधीला खुर्च्या त्यानंच वाहून आणल्या होत्या. "ताई, अडखळणाऱ्या शहीदला कौन सुनेगा?" तो हळूच म्हणाला. "आणि आता तो अकेला तुमचा थोडी राहिला? पूरे देश का झाला तो."

घरी परतताना तिनं भावाची 'ताई' ही हाक आठवून पाहिली. हाक आली, पण खर्जात आली, गुळगुळीत आली. तेव्हा ती खरी घाबरली. तिच्याच डोक्यातून तो निघून चालला होता, मग दिवसभर तो व्हिडिओ ऐकणाऱ्या आईजवळ किती उरला असेल?

संबोधीच्या फोनमध्ये त्याचा खराखुरा आवाज होता. शेवटच्या पोस्टिंगवरून त्यानं तिला पाठवलेला. आईला ऐकवू नको म्हणाला होता, म्हणून तिनं तो आजवर कुणालाच ऐकवला नव्हता. आज तिनं तो शब्द मोडायचं ठरवलं.

आई खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. संबोधीनं काही न सांगता फोन तिच्या कानाशी धरला.

"ता... ताई, इथं ब... बहोत थंडी आहे. मला भी... भीती वाटते गं. आईला न... नको सांगू." आणि मग ते छोटंसं, ओशाळलेलं हसू.

आईचे हात ताटातच थांबले. मान कलती करून तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. तिचे डोळे भरून आले. संबोधीला वाटलं, आला, आपला संघदीप परत आला.

"बिचारा," आई म्हणाली. "किती घाबरलाय. कुणाचा छोरा आहे गं हा? त्याला आपल्या संघदीपचा व्हिडिओ भेज. हिंमत येईल त्याला."