बिनफटीची पेटी

मिस्त्रींनी आयुष्यभर दारं केली, कपाटं केली, पलंग केले, पण नाव कमावलं ते एकाच गोष्टीवर. त्यांच्या कामात फट नसायची. दोन फळ्यांच्या मधे ते पोस्टकार्ड सरकवून बघायचे आणि सरकलं की फळी पुन्हा रंध्याखाली घालायचे. आता दुकान मुलगा चालवत होता. तिथे विजेच्या करवती आल्या होत्या आणि मिस्त्रींच्या वाट्याला आराम करण्याचं काम आलं होतं.

या आरामाचा एक फायदा होता. आपला उजवा हात थरथरतो हे कुणाच्या लक्षात येत नाही, असा मिस्त्रींचा समज होता. चहा ते डाव्या हाताने प्यायचे. सही मागितली तर चष्मा सापडत नाही म्हणायचे. मुलाला कळलं तर तो आपल्याला दुकानात पाऊलही टाकू देणार नाही, या धास्तीत त्यांनी अख्खं वर्ष काढलं होतं.

अशात सूनबाई सहज बोलून गेली की, वीज गेल्यावर दिवे-पंखे चालवणारी ती इन्व्हर्टरची बॅटरी पॅसेजमध्ये उघडी पडलेली बरी दिसत नाही. मिस्त्रींनी तो शब्द झेलला. मागच्या खोलीचं दार लावून, हात थांबेल तेव्हाच करवत चालवत, त्यांनी दोन महिने खपून बॅटरीला पेटी केली. वर झाकण, आणि तारांपुरतं एक भोक, तेही तारांना आवळून बसणारं. मुंगीला आत जायचं असतं तर रीतसर अर्ज करावा लागला असता. घरी येणाऱ्याला मिस्त्री आधी झाकण उघडून पेटी दाखवत आणि मग बसा म्हणत. एवढी पेटी ज्याने केली त्याच्या हाताला काय झालंय, असं कोण म्हणेल?

पेटी बसवल्यावर तिसऱ्या महिन्यात घरात कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला. सूनबाईने फ्रिजमधली डझनभर चांगली अंडी टाकून दिली. मोरी घासली. मुलाचे बूट गॅलरीत हद्दपार झाले आणि बिचारे आठवडाभर निर्दोष असूनही तिथेच राहिले. शेवटी तिने गुलाबाच्या वासाचा फवारा आणला. आता गुलाबाच्या बागेत कुणी अंडी फोडल्यासारखा वास येऊ लागला.

"पेटीतून येत नाही," मिस्त्री न विचारता म्हणाले. "त्या पेटीतून काही बाहेर येणं शक्यच नाही."

हे वाक्य त्यांनी स्वतःच जरा नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण अभिमानाला तोंड असतं, कान नसतात.

मग एका सकाळी वीज गेली आणि पाच मिनिटांत इन्व्हर्टरनेही शिट्टी मारून मान टाकली. मुलाने बॅटरीवालीला फोन केला. ती पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून आली. हातमोजा काढून तिने झाकणावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, मग घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि स्वयंपाकघरातला गॅस विझवून आली. झाकण उघडून, तारा सोडवून झाल्यावरच ती बोलायला उभी राहिली.

"चार्ज होताना बॅटरी तापते. पाणी उडतं, गॅस सुटतो. त्या गॅसला बाहेर जायला वाट लागते. इथे वाटच नाही. पाणी आटलंय, बॅटरीचं पोट फुगलंय. एक ठिणगी पडली असती तर हे झाकण छतातून काढावं लागलं असतं." तिने पेटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "पेटी कुणी केली?"

सगळे भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर काही नव्हतं.

"काम फार चांगलं आहे," बॅटरीवाली म्हणाली. "तोच तर घोटाळा आहे. जरा वाईट केली असती तर काही झालं नसतं."

मिस्त्रींना चाळीस वर्षांत अशी शिवी कुणी दिली नव्हती.

फुगलेली बॅटरी पेटीत अशी आवळली गेली होती की, निघायचं नाव घेईना. समोरची फळी कापणं भाग होतं. मुलगा म्हणाला, आत्ता दुकानातून मशीन आणतो. बॅटरीवालीने हात आडवा केला. "ठिणगी उडवणारं काही इथे आणायचं नाही. आज झाकण उघडं ठेवून थंड होऊ द्या. मी उद्या सकाळी येते. हातकरवतीनेच कापायचं."

दुकानातल्या कुणी कित्येक वर्षांत हातकरवत धरली नव्हती. मुलाने वडिलांकडे पाहिलं. मिस्त्रींनी उजवा हात खिशात घातला.

तो दिवस घरात आजारी माणूस असल्यासारखा गेला. सगळे चवड्यांवर चालत होते, जेवण बाहेर जिन्यात बसून झालं. शेजारीण दाराशी येऊन हळू आवाजात विचारून गेली, "ताप उतरला का?"

"आपण दुसरं घर बघू," दुपारी मिस्त्री बायकोला म्हणाले. "पेटी राहू दे इथे."

"आणि तिला सोबत कोण?"

"मी राहीन."

"राहा. स्वयंपाक तेवढा काडी न ओढता करा," बायको म्हणाली आणि ताटं गोळा करून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेजमध्ये सगळे जमले. बॅटरीवालीने बॅटरीला हात लावून मान डोलावली. थंड होती. मिस्त्री गुडघ्यावर बसले, मुलाने मारलेल्या पेन्सिलीच्या रेघेवर त्यांनी करवत टेकवली, आणि करवतीचं पातं आपलं आपण टकटक वाजायला लागलं. मिस्त्रींनी ते उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा टकटक.

"घाबरू नका काका," बॅटरीवाली म्हणाली. "गॅस गेला सगळा."

सुटकेचं दार आयतं उघडलं होतं. हो म्हटलं की झालं, बॅटरीला भ्यायले म्हणून लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. मिस्त्रींनी विचार करून पाहिला. पण बॅटरीला घाबरलो, हे त्यांच्या तोंडातून निघेना.

"भीत नाही मी," ते म्हणाले. "हात हलतो माझा. वर्ष झालं."

कुणीच दचकलं नाही. मिस्त्रींना त्याचंच नवल वाटलं.

"माहीत आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

"तुला माहीत आहे?"

"सगळ्यांना. शेजारच्यांनाही."

"आणि झाकण महिनाभर तापत होतं," सूनबाई खाली बघत म्हणाली. "हात लागला की कळायचं. पण तुम्ही इतकं जीव लावून केलं होतं. कसं सांगायचं? म्हणून मग तो फवारा आणला."

मिस्त्री एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. बायको पदराने कोरडेच डोळे पुसत होती.

"माझ्या हाताला वाईट वाटू नये म्हणून," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही सगळे उडून जायला निघाला होता?"

मिस्त्रींचा राग पायापासून निघाला आणि घशात येईपर्यंत त्याचं भलतंच काही झालं. डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी करवत जोरात ओढली. फळीत दात रुतले, भुसा पडला, हात थरथरत राहिला, आणि ते कापत राहिले.

फळी चार बोटं आत कापून झाल्यावर मुलगा वाकला. रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "बाबा, वाकडं चाललंय."

मिस्त्री थांबले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्याच्यासाठी जागा करत बाजूला सरकले.

"मग बघत काय बसलास?" ते म्हणाले. "मूठ धर."