रडणाऱ्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे साहेबांची गरगर फिरणारी खुर्ची आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी आहे पहिलीच्या वर्गातली, उंचीने मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. माझ्यावर बसणारे मूल वर्षभरात उंच होते आणि दुसरीत निघून जाते. मी आपली पहिलीतच. इतकी वर्षे नापास होऊनही मला कोणी रागावले नाही.

माझा जन्म सरकारी शाळेच्या मागच्या अंगणात झाला. सुताराने एका सुट्टीत चाळीस खुर्च्या केल्या. एकोणचाळीस अगदी ताठ उभ्या राहिल्या. चाळिसावी मी. माझा चौथा पाय कापायच्या वेळी शिपाईकाका गप्पा मारायला आले, सुताराचे लक्ष करवतीवरून उडाले आणि पाय बोटभर आखूड झाला. आता चूक कबूल करील तो कारागीर कसला? नाचता येईना अंगण वाकडे! "फरशीच उंचसखल आहे, खुर्चीला काय झालंय?" असे म्हणून त्याने हात झटकले.

तेव्हापासून मी डुगडुगते. टुक-टुक, टुक-टुक. त्या वेळच्या बाईंनी दोन दिवस माझा आवाज ऐकला आणि मला मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. मला फार वाईट वाटले. चाळीस जणींत एकटीनेच बाजूला बसायचे, आणि तेही दुसऱ्याच्या गप्पांपायी!

मग एका वर्षी दोन वेण्यांची एक मुलगी आली. पहिल्या दिवसापासून तिने जे भोकाड पसरले ते आवरेचना. दुसरी जागा नव्हती म्हणून तिला माझ्यावर बसवले. ती हुंदका देई, तिच्या हुंदक्याबरोबर मी टुक करी. थोड्या वेळाने तिच्या ते लक्षात आले. मग ती मुद्दामच हलू लागली आणि हलता हलता रडायची विसरली. चार दिवस असे चालले. पाचव्या दिवशी तिने वहीचे शेवटचे पान फाडले, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली.

"आता हलू नकोस," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "मला लिहायचंय."

खुर्चीला कान नसतात, पण मी ऐकले. त्या दिवसापासून मला वर्गात मान मिळाला. जे नवे मूल रडेल त्याला ही खुर्ची द्यायची. त्याने हवे तितके डुगडुगायचे. रडून झाले की त्याने स्वतःच्या हाताने पायाखाली कागद घालायचा, म्हणजे सगळ्यांना कळायचे की हा आता वर्गात बसला. हा नियम कोणी फळ्यावर लिहिला नाही, पण एका वर्गाने तो पुढच्या वर्गाला सांगितला. माझ्या पायाखाली गोळीचा चकचकीत कागद आला, सिंहाचे अर्धे चित्र आले. एका पठ्ठ्याने तर बाईंनी त्याच्या वडिलांना लिहिलेली चिठ्ठीच घातली. ती मी वर्षभर पायाखाली दाबून धरली. चहाडी करण्याचा माझा स्वभाव नाही.

वर्षे गेली. एके दिवशी वर्गात नव्या बाई आल्या. त्या सरळ मागच्या कोपऱ्यात आल्या, मला उलटे केले, आखूड पायावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अजून आहेस होय तू?" वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता, पण मी ओळखले. माझ्या जिवाला किती बरे वाटले म्हणून सांगू!

बाईंनी बारा वर्षे मुलांना वाचायला शिकवले. पण त्या बारा वर्षांत रस्त्यापलीकडे एक खासगी शाळा उभी राहिली. चार मजली, काचेची. दारात बस आणि आत चक्क लिफ्ट. मी त्या शाळेचे वाईट बोलणार नाही. तिथल्या खुर्च्यांशी माझी ओळख नाही, आणि ओळख नसताना नावे ठेवू नयेत एवढे पहिलीत बसून मी शिकले आहे. झाले इतकेच, की आमच्या वसाहतीतले आईबाप आमच्या फाटकाशी क्षणभर थबकू लागले आणि रस्ता ओलांडू लागले. चाळिसाची तीस मुले झाली, तिसाची सतरा. माझ्या भावंडांना एकेक करून माळ्यावर टाकले. मला ठेवले, कारण रडणारी मुले अजून येत होती.

यंदा वरून पत्र आले. महिनाअखेरपर्यंत वीस नावे आली नाहीत, तर पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग बंद. शिपाईकाका आता पार म्हातारे झाले आहेत. त्यांनी ते पत्र दोनदा वाचले आणि माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा सोडला. मला माझे पुढचे दिसले. जुन्या लाकडाला जळणावाचून दुसरी वाट कुठली?

आणि ह्याच वर्षी बाईंची स्वतःची मुलगी सहा वर्षांची झाली. एका जागी दोन मिनिटे ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. समोरच्या शाळेची लिफ्टही दर महिन्याला तेच तपासतात. एका दुपारी शाळा सुटल्यावर ते हत्यारांची पेटी घेऊन वर्गात आले आणि टेबलावर एक कागद ठेवला.

"फॉर्म आणलाय. सगळा भरलाय. पुढच्या सोमवारपर्यंत द्यायचाय, तुझी सही तेवढी राहिली."

बाई फळा पुसत होत्या, त्या पुसतच राहिल्या. "आणि शनिवारी शाळा बघायला पालक येणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"लोकांचं लोक बघतील. साहेबापुढे उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते, तुला माहितेय. तिचं तसं व्हायला नको. तिथली पोरं काय धडाधड बोलतात. मी लिफ्टच्या खड्ड्यातून ऐकतो ना."

"माझ्या वर्गातली बोलत नाहीत?"

"बोलतात गं. पण पिकतं तिथे विकत नाही." ते हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म पर्समध्ये ठेवला. सही केली नाही, आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

पुढचा सगळा आठवडा बाईंचे चित्त थाऱ्यावर नव्हते. मुलांना उतारा लिहायला बसवायच्या आणि स्वतः पर्सच्या चेनशी चाळा करीत खिडकीबाहेर बघायच्या. मला त्यांच्यावर रागावता येईना. जिने माझ्या पायाखाली पहिला कागद घातला, तिचाच पाय आता डळमळत होता.

शनिवार उजाडला. तोवर अकरा नावे आली होती. पालक आले, आणि मोठ्या खुर्च्या नव्हत्या म्हणून आमच्यावरच बसले. शिपाईकाकांनी माळ्यावरून माझी भावंडेही उतरवली. काय ती गंमत, मित्रांनो! सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. एक बेकरीवाले गृहस्थ उठले तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, ती शिपाईकाकांनी ओढून काढली. घरी कोणी नव्हते म्हणून भिंगरीही तिथेच होती. तिला न्यायला आलेले तिचे बाबा उरलेल्या एकाच खुर्चीवर बसले. ती मी. टुक, असे मी म्हणाले. लिफ्टवाल्या माणसाला वाकडेतिकडे मुळीच खपत नाही. त्यांनी खाली वाकून माझा पाय पाहिला.

बाई बोलत होत्या. वाचन कसे घेतो, गणित कसे घेतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका नर्सबाईंनी हात वर केला. कामावरून तशाच आल्या होत्या. त्यांचा मुलगा त्यांच्या पाठीमागे तोंड लपवून मुसमुसत होता.

"बाई, राग मानू नका. तुमच्या मुलीचं नाव कुठल्या शाळेत घालणार?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. मीही हलायची थांबले, कारण माझ्यावर बसलेले गृहस्थ श्वास रोखून होते. बाईंनी पर्स उघडली आणि तो फॉर्म टेबलावर ठेवला.

"ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हा समोरच्या शाळेचा फॉर्म. सही केली नाही आणि फाडलाही नाही. आठवडाभर घेऊन फिरतेय."

"म्हणजे आमची मुलं इथे आणि तुमची तिथे," बेकरीवाले म्हणाले.

"तसं म्हणा. इथे कुठे गळतं, कुठली खिडकी लागत नाही, मला सगळं पाठ आहे. तिथलं काही माहीत नाही, म्हणून तिथलं सगळं चांगलं वाटतं. तुमचं मूल वर्ष संपायच्या आत वाचायला लागेल, हे मी छातीठोकपणे सांगते. पण स्वतःच्या मुलीचं आलं की माझी छाती तेवढी राहत नाही. खोटं कशाला बोलू?"

एक जोडपे उठून गेले. मला वाटले, झाले, संपले सारे. पण नर्सबाई बसून होत्या.

"मी पण हेच केलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "माझी आई आजारी पडली तेव्हा तिला आमच्या हॉस्पिटलात आणलं नाही. भिंतींचे पोपडे रोज बघत होते ना. तिला मोठ्या ठिकाणी नेलं. जागा छान होती, माणसंही चांगली. पण तिला दुखायला लागलं की कुणाला हाक मारायची तेच मला कळेना. दुसऱ्या वेळी आमच्याकडेच आणलं. पोपडे तसेच होते, पण हाक कुणाला मारायची ते ठाऊक होतं."

एवढ्यात त्यांच्या मुलाने मोठ्याने गळा काढला. भिंगरी तीरासारखी माझ्याकडे आली.

"बाबा, उठा. ही रडणाऱ्याची खुर्ची आहे."

"मग मी कुठे बसू?"

"तुम्ही रडताय का?"

"नाही."

"मग उभे राहा."

सगळे हसले. बाबा उठले. मुलगा माझ्यावर बसला, हलला, पुन्हा हलला. टुक-टुक. दहा मिनिटांत त्याचे डोळे कोरडे झाले. भिंगरीने त्याला समजावले, "रडून झालं की पायाखाली कागद घालायचा. कुठलाही चालतो. आपला असला म्हणजे झालं." त्याने खिशातून बसचे तिकीट काढून माझ्या पायाखाली घातले. तिकडे नर्सबाईंनी त्याचे नाव लिहिले. बेकरीवाल्यांनी त्यांच्या जुळ्यांची नावे लिहिली. घरी जाताना मुलाने तिकीट परत खिशात टाकले. शाळा सुरू झाली की आणतो, म्हणाला.

संध्याकाळी शिपाईकाकांनी नावे मोजली. बावीस. वर्ग वाचला होता, आणि तोही भिंगरीच्या नावावाचून. म्हणजे आता तिला संख्या भरायला आणण्याचे कारण उरले नव्हते. बाई दमून टेबलाशी बसल्या. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि पेन उघडले.

"बरं, करते सही. तुमच्या मनात आहे ना."

बाबा पुन्हा माझ्यावर येऊन बसले होते. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांवर. हलत होते. टुक-टुक.

"शाळा चांगली आहे ती," ते म्हणाले. "दोन वर्षं जातोय. पण मी तिथे पाहिलं काय? लिफ्टचा खड्डा आणि मोटारीची खोली. वर्गात कधी बसलो नाही. आज पहिल्यांदा बसलो कुठल्यातरी वर्गात, एवढा वेळ."

बाईंनी पेन खाली ठेवले.

"आणि तू सगळ्यांसमोर खरं बोललीस. माझी जीभ चिकटली असती."

ते आणखी थोडा वेळ हलले. मग उठले, टेबलावरचा फॉर्म उचलला, त्याची चौपदरी घडी केली, वाकून माझ्या आखूड पायाखाली सरकवली आणि हाताने दाबून पाहिली. मी अजिबात हलले नाही. लिफ्टवाल्याचा हात तो! बाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. पण शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने कोण रडले असेल? भिंगरी! आईला वर्गात आई म्हणायचे नाही, बाई म्हणायचे, हे तिला मुळीच मंजूर नव्हते. बाईंनी तिला जवळ घेतले नाही. कशा घेणार? बावीस जण बघत होते. त्यांनी माझ्या पायाखालचा फॉर्म काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि मागच्या कोपऱ्याकडे बोट केले. पोरीने मला तीन दिवस डुगडुगवले. नर्सबाईंचा मुलगा तिच्या शेजारी तिकीट घेऊन उभा होता. चौथ्या दिवशी तिने डोळे पुसले, खणातून तोच फॉर्म मागून घेतला आणि माझ्या पायाखाली घातला.

"झालं, बाई," ती म्हणाली.

तो फॉर्म अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मोठी माणसे तुमच्यासाठी शाळा निवडतील. अलीकडची निवडोत, पलीकडची निवडोत. त्यांना एवढे मात्र सांगा, की रस्त्यावरून बघून ठरवू नका. आत या, आमच्यासारख्या छोट्या खुर्चीवर गुडघे मुडपून बसा आणि थोडा वेळ तिथून बघा. आणि तुम्ही ज्या शाळेत जाल, तिथे एखादी खुर्ची डुगडुगत असेल, एखादे मूल रडत असेल, तर त्यांना कोपऱ्यात ढकलू नका. खुर्चीच्या पायाखाली कागद घाला. कुठलाही चालतो. आपला असला म्हणजे झाले.