डाव्या बाजूचं ब्लेड

मच्छिंद्रआप्पांनी वायपरची दांडी चिमटीत धरून नेहमीसारखी वर ओढली, आणि ती काचेपासून चार बोटंही सुटली नसेल तोच बॉनेटच्या कडेवर ठक्कन आपटली. त्यांनी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. पांढऱ्या रंगाचा गव्हाएवढा टवका उडाला होता आणि खालचा करडा थर दिसत होता.

"असू द्या, मामा," शंभू म्हणाला. तो वाकून बघायलाही आला नाही.

ते 'असू द्या' आप्पांना टवक्यापेक्षा जास्त लागलं. तीन वर्षांपूर्वी ही गाडी नवी घेतली तेव्हा याच जावयानं पोटच्या पोराला, स्वराजला, बूट काढल्याशिवाय आत बसू दिलं नव्हतं. आज रंग उडाला तरी तो रस्त्याच्या पलीकडे बघत उभा होता.

शिरूरच्या जुन्या रस्त्याला आप्पांचं दुकान होतं. काचा, आरसे आणि वायपर. छत्तीस वर्षांत किती वायपर बदलले असतील याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. जुन्या गाड्यांचं सोपं असे. दांडी उचलली की ती सरळ उभी राहायची, टोकाला आकडा, आकड्यातली खिट्टी दाबून ब्लेड खाली ओढलं की हातात. पुष्कळदा तर सांगाडा तोच ठेवून नुसतं रबर बदलायचं. आज सकाळीच त्यांनी स्वतःच्या जुन्या आठशे गाडीच्या वायपरचं रबर बदललं होतं, उगाच, हाताला चाळा म्हणून. त्या वेळी नजर दुसरीकडे होती तरी अडलं नव्हतं.

नजर दुसरीकडे असायला कारण होतं. आज दुकानाचा शेवटचा दिवस. बायको गेल्यावर दोन वर्षं लेक मागे लागली होती, दौंडला या, एकटे राहू नका. शेवटी आप्पा 'येतो' म्हणून बसले. चार वाजता दुकान घेणारा शिक्रापूरचा एक गॅरेजवाला किल्ली न्यायला येणार होता आणि मग जावयाच्या गाडीतून दौंड. सकाळपासून त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा दोनदा बांधला आणि दोनदा सोडला. किल्ली खिशात आहे का, हे ते दर थोड्या वेळानं चाचपत होते. दौंडला जाऊन आपण करायचं काय, हा प्रश्न त्यांनी लेकीला विचारला नव्हता. स्वतःला मात्र रोज विचारत होते.

येताना न्हावऱ्याजवळ सर लागली तेव्हा वायपर काचेवर नुसते ओरखडे ओढत होते, असं शंभू बोलून गेला होता. आप्पांना तेवढंच निमित्त पुरलं. जाता जाता जावयाच्या गाडीला आपल्या हातची ब्लेडं बसवू, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि सुरुवातच अशी झाली.

त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. रबर वाळून कडक झालं होतं.

"उन्हात उभी असती का गाडी, पाव्हणं?"

"नाही. कारखान्यात शेड आहे ना. दिवसभर शेडमध्येच असते."

"मग एवढं कसं वाळलं?"

"काय माहीत," शंभू म्हणाला.

शेजारचा पंक्चरवाला हौसराव तीन कप चहा बोटांत अडकवून आला. त्यानं आधी टवका पाहिला, मग आप्पांचं तोंड.

"आप्पा, पाव्हण्यांना रंग उडवून आहेर केला व्हय?"

"नव्या गाडीला हात लावायची आपली लायकी राहिली न्हाई, हौसराव."

"लायकी कसली? ह्या नव्या गाड्याच लाजऱ्या. वायपरसुद्धा पदराखाली झाकून ठिवत्यात." हौसराव आपल्याच बोलण्यावर हसला आणि शंभूकडे वळला. "पाव्हणं, आमची पूनम यायची हाय सोलापूरवनं. दुपारच्या पॅसेंजरनं दौंडाला उतरणार, तितनं यष्टी. कवा पोचंल कुणाला ठावं."

"ती गाडी रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उशिरा येते," शंभू म्हणाला. "तीन नंबरला लागते. जिना लांब पडतो, त्यांना पुढच्या डब्यात बसायला सांगा."

"आता गं बया! तुम्ही कारखान्यात हाय का रेल्वेत?"

शंभूनं कप तोंडाला लावला. कप रिकामा होता. तो त्यानं काउंटरवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मी जरा पाय मोकळे करून येतो, मामा," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून बाजाराच्या दिशेनं निघून गेला. हौसरावही कप गोळा करून आपल्या दुकानात शिरला.

आप्पा गाडीत जाऊन बसले. कुणी नसलं की त्यांना नीट विचार करता येई. समोरच्या कप्प्यात गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं, कोरंच्या कोरं, अजून पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी चष्मा पुसला. पुस्तक हातात आलं की त्यांना धीर येत असे, मग ते कशाचंही असो. वायपरचं प्रकरण शेवटी शेवटी होतं. गाडी बंद करावी, लगेच स्टिअरिंगशेजारची वायपरची कांडी खाली दाबून धरावी, म्हणजे वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. छत्तीस वर्षं धंदा करून हे एक पुस्तक उघडायचं आपल्याला सुचलं नाही, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी गाडीची किल्ली फिरवली, गाडी बंद केली आणि कांडी दाबली.

दोन्ही वायपर बॉनेटखालून सरसरत वर आले आणि सरळ उभे राहिले.

आप्पा उतरले. आता दांडी बिनबोभाट उचलली गेली. त्यांनी सवयीनं काचेवर चार पदरी घडी घातलेला टॉवेल पसरला, मोकळी दांडी सुटून आपटली तर काच तडकते म्हणून. उजव्या बाजूचं ब्लेड निघालं, नवं बसलं. आता डावं काढायचं, पण त्याआधी त्यांची नजर काचेच्या पायथ्याशी गेली. वायपर जिथे झोपतात त्या पन्हळीत पाला साठला होता. पाला साठला की पाणी तुंबतं आणि गाडीत शिरतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बोटांनी पाला उपसायला घेतला.

पाल्यात कागद होते.

आधी एक आला, मग चार-पाच एकमेकांना चिकटलेले, मग एक ओला गोळाच. आप्पांनी गोळा तळहातावर ठेवून नखानं सोडवला. वाहनतळाच्या चिठ्ठ्या होत्या. वर छापलेलं, रेल्वे स्टेशन, दौंड. खाली पेननं गाडीचा नंबर, तारीख, आत आल्याची वेळ. नऊ दहा. नऊ पाच. नऊ दहा. शाई पसरली होती तरी वाचता येत होतं. वाहनतळावरची पोरं चिठ्ठी वायपरखाली खोचून जातात. ती या गाडीत घसरून आत पन्हळीत गेली असणार, आणि गाडीवाल्याला वाटलं असणार वाऱ्यानं उडाली. आप्पांच्या आठशेला कुणी खोचली असती तर ती काचेवरच फडफडत राहिली असती.

सगळ्यात जुनी चिठ्ठी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. सगळ्यात नवी कालची. मधले रविवार तेवढे सुटलेले.

शंभूचा कारखाना कुरकुंभला, दौंड स्टेशनात नाही, हे कळायला आप्पांना पुस्तक लागणार नव्हतं. तरी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. कंपनीची बस स्टेशनवरून सुटत असेल. गाडी तिथे ठेवून हे बसनं जात असतील. आपल्याला काय कळतं? पण मग शेड कुठली? आणि बसनं कारखान्यात जाणाऱ्या माणसाला दुपारची पॅसेंजर कितव्या फलाटाला लागते ते कसं माहीत?

फोन वाजला. तेजश्री होती.

"आप्पा, निघालात का?"

"अजून गाडीचंच चाललंय."

"ह्यांना फार उशीर नका करू. उद्या ड्युटी आहे. तुमच्यासाठी आज रजा टाकलीय, साहेब देत नव्हते म्हणे."

"बरं."

"आणि तुम्ही येताय ना नक्की? ऐनवेळी पाय मागे घ्याल. मी तुमची खोली आवरलीय." तिनं आवाज खाली आणला. "घरात कुणीतरी बोलणारं पाहिजे, आप्पा. हे कामावरून आले की नुसते बसतात, पंख्याकडे बघत. विचारलं तर दमलोय म्हणतात. डबा तेवढा रोज चाटूनपुसून रिकामा आणतात."

आप्पांच्या हातातल्या चिठ्ठ्यांमधून पाणी मनगटावर ओघळत होतं.

"तेजू," ते म्हणाले.

"काय?"

रस्त्याच्या पलीकडे शंभू उभा होता. ओलांडायचं सोडून गाड्या जाताना बघत होता. रस्ता मोकळा झाला तरी हलला नाही.

"स्वराज जेवला का?" आप्पांनी विचारलं.

फोन ठेवून त्यांनी चिठ्ठ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात सारल्या. पाला गोळा करून चाकाशेजारी ढीग केला. मग उगाचच टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली. काय करावं ते सुचत नव्हतं. जावयाला विचारायचं तर कोणत्या तोंडानं? त्यांच्या घरात जावयाचा शब्द कुणी उलटा तपासला नव्हता. आणि जावयाच्या हाताला काम लावायचं नाही, ही तर पूर्वापार रीत. बायको होती तेव्हा शंभू पाण्याचा तांब्या घ्यायला उठला तरी ती हातातलं टाकून धावायची. माणूस दहा वर्षं घरात येत होता आणि आप्पांनी त्याचे हात कधी मळलेले पाहिले नव्हते.

शंभू आला. त्यानं उभे राहिलेले वायपर पाहिले, उघडं बॉनेट पाहिलं, पाल्याचा ढीग पाहिला.

"काय सापडलं का?" त्यानं विचारलं. आवाज सहज होता. जास्तच सहज.

"पाला," आप्पा म्हणाले. "साठला व्हता. पाणी आत शिरलं असतं."

शंभूची नजर त्यांच्या खिशावर येऊन थांबली. पांढरा सदरा ओला झाला होता आणि पेनची निळी शाई कापडातून वर येत होती. आप्पांनी खाली पाहिलं, डाग पाहिला आणि त्यावर हात ठेवायचा म्हणून उचलला. मग ठेवला नाही.

 

आप्पांनी बॉनेट लावलं. काउंटरवरून दुसऱ्या ब्लेडचं खोकं घेतलं, ब्लेड बाहेर काढलं आणि शंभूपुढे धरलं.

"डाव्या बाजूचं तुम्ही बसवा," ते म्हणाले.

आता शंभू ब्लेड काउंटरवर ठेवील, गाडीत बसून निघून जाईल, आणि लेकीच्या दारात आपल्याला पुन्हा जागा राहणार नाही. त्यांचा हात पुढे तसाच राहिला.

शंभूनं घड्याळ काढून खिशात टाकलं. बाह्या दुमडल्या. ब्लेड घेतलं.

"मला जमेल?"

"जमतं. आधी टॉवेल काचेवर. आता दांडी उचला. वरच्या अंगाला बटण हाय, ते दाबून जुनं खाली ओढा. दांडी सोडायची न्हाई. कायबी झालं तरी हात सोडायचा न्हाई."

शंभूनं बटण दाबलं. निघेना. दुसऱ्यांदाही निघेना. त्याच्या कपाळावर घाम आला. आप्पांचे हात आपोआप पुढे गेले होते, ते त्यांनी पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"आता गं बया!" हौसराव टायर गडगडवत बाहेर आला होता. "आप्पा, जावयाला कामाला लावलं? गावाला तोंड कसं दावणार?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण शंभू आधी बोलला.

"मीच मागून घेतलंय, हौसरावआबा. शिकतोय." मान वर न करता म्हणाला.

"शिका, शिका. ह्यांच्या हाताखाली टिकलात म्हंजी मिळवली. रबर उलटं बसलं तर आठ दिवस जेवत न्हाई हा माणूस."

हौसराव हसत निघून गेला. जुनं ब्लेड एकदम सुटलं आणि शंभूच्या हातात आलं. दुसऱ्या हातानं दांडी घट्ट धरलेलीच होती. नवं ब्लेड त्यानं दोनदा वाकडं घातलं, तिसऱ्यांदा टक् असा आवाज झाला. त्यानं ते हलवून बघितलं. पुन्हा हलवून बघितलं. मग दांडी हळूहळू, झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तशी, काचेवर टेकवली.

चारला पाच मिनिटं कमी होती. आप्पांचा फोन वाजला. शिक्रापूरचा गॅरेजवाला होता, अर्ध्या वाटेवर आलोय म्हणत होता.

आप्पांनी खिशात हात घातला. बोटांना किल्ली लागली.

"आज नका येऊ," ते म्हणाले. "न्हाई, तब्येतीला काय न्हाई. दुकानात माणूस हाय."

पलीकडचा काहीतरी बोलत राहिला. आप्पा 'व्हय, व्हय' करत राहिले आणि फोन ठेवला.

शंभू पाठमोरा होता. टॉवेल काचेवरून उचलून त्याची घडी घालत होता, आप्पा घालतात तशीच, चार पदरी. घडी झाली तरी तो वळला नाही. बोटांना काळं लागलं होतं, त्याकडे बघत होता.

"मामा," तो म्हणाला, "दुकान कितीला उघडता तुम्ही?"

"नवाला."

आप्पांनी पुस्तकांचा गठ्ठा उचलून गाडीत मागच्या सीटवर ठेवला. तिथे उभं राहून त्यांनी बोटांवर कसला तरी हिशेब केला.

"पर दौंडावरनं दोघांनी यायचं म्हंजी," ते म्हणाले, "दहा व्हतील."