नाव न छापण्याच्या अटीवर

मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. सध्या एका वर्तमानपत्राच्या अडगळीच्या खोलीत, मोडका पंखा आणि रंगाचे रिकामे डबे यांच्यामध्ये पडून असतो. झाडलोट करणाऱ्या मावशी अधूनमधून माझ्यावर ओलं फडकं वाळत घालतात. मित्रांनो, याला काही जगणं म्हणत नाहीत, पण तक्रार करू कोणाकडे? माझी वायरच कापून टाकली आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक फोनची चाचणी व्हायची. एक बाई माझा रिसीव्हर कानाला लावायची आणि दुसऱ्या टोकाला तिची मैत्रीण असायची. "हॅलो, ऐकू येतंय का?" एवढंच विचारायचं काम होतं, पण दोघी डब्यात काय आणलंय इथपासून नणंदेच्या लग्नापर्यंत पोचायच्या. जगात लोक एकमेकांशी असंच बोलत असतील, अशी माझी भाबडी समजूत झाली.

मग मी वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात आलो. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा होती. टेबलावर चहाच्या कपांचे गोल गोल डाग पडलेले असायचे. सामन्याच्या दिवशी मला श्वास घ्यायलाही फुरसत नसे. "स्कोअर काय झाला हो?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले. संघ हरला की लोक गोल मीच खाल्ल्यासारखे माझ्यावर ओरडायचे. तरीही मी खूश होतो, कारण सगळ्यांना माझी गरज होती.

माझा खरा धनी म्हणजे तिथला फुटबॉलचा बातमीदार. तरुणपणी ते मैदानावर पंचगिरी करायचे, म्हणून सगळे त्यांना पंचसाहेब म्हणत. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरून, माझी गुंडाळीची वायर बोटाला गुंडाळत ते तासन् तास बोलायचे. "हा पठ्ठ्या कधी दगा देत नाही," असं म्हणून ते माझ्या डोक्यावर थोपटायचे. तेवढ्या कौतुकावर माझा आठवडा जायचा.

मित्रांनो, खेळाच्या पानावर "सूत्रांनी सांगितले" असं तुम्ही वाचता ना? ती सूत्रं माझ्याच पोटातून यायची. त्यात कितीतरी लबाड होते. एक दलाल दर मोसमाआधी फोन करायचा आणि आवाज बारीक करून सांगायचा, "माझं नाव नको हं, पण आमच्या खेळाडूमागे तीन क्लब लागलेत." खरं तर एकही क्लब लागलेला नसायचा. पंचसाहेब त्याला "हो का, वा वा" म्हणत आणि फोन ठेवून हसत. पण काही माणसं खरोखर घाबरून बोलायची. त्यांचा श्वास मला आधी ऐकू यायचा, शब्द मागून यायचे.

असाच एक श्वास अंतिम सामन्याच्या आठवड्यात, दुपारी आला. तो आमच्या शहराच्या संघाचा राखीव गोलकीपर होता. मुख्य गोलकीपरला लोक कौतुकाने 'भिंत' म्हणत आणि हा बिचारा वर्षानुवर्षं बाकावर बसून असल्यामुळे याला 'बाकडं'. दोघं लहानपणापासूनचे जिवलग मित्र होते.

"साहेब, त्याचं काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात डोकं खांबावर आपटलं ना, तेव्हापासून. आम्ही दोघंच कोपऱ्यात सराव करतो. परवा त्याने डावा हातमोजा उजव्या हातात घातला आणि नुसता बघत बसला. मीच काढून नीट घातले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, फायनल होऊ दे, मग बघू. मॅनेजरही तेच म्हणतो. आणि हा तर ऐकतच नाही. आता डोक्याला पुन्हा मार लागला तर काय होईल, साहेब? पेपरात आलं तर त्याला बाहेर बसवावं लागेल."

"मग उघड बोल की."

"तो बसला तर उभं कोण राहणार? मीच ना? लोक म्हणतील, जागेसाठी मित्राचा गळा कापला. तोही तेच म्हणेल."

पंचसाहेबांनी वायर बोटावरून सोडली. "तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. मेलो तरी."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. मॅनेजर म्हणाला, "एकदम ठणठणीत आहे तो." मग पंचसाहेब बातमी घेऊन विभागप्रमुख बाईंसमोर बसले. बाई हुशार होत्या आणि मनानेही वाईट नव्हत्या.

"कोण आहे सांगणारा?" त्यांनी विचारलं.

"जवळचा माणूस आहे. नाव विचारू नका."

"बरं, नाही विचारत. पण क्लब नाही म्हणतोय, डॉक्टर नाही म्हणतात. नुसत्या 'सूत्रां'वर कोण विश्वास ठेवेल? काहीतरी ठोस द्या. वाचणाऱ्याला पटलं पाहिजे की माणसाने डोळ्यांनी पाहिलंय."

पंचसाहेबांनी थोडा विचार केला आणि हातमोज्यांचा प्रसंग घातला. दोघांनी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. नाव नव्हतं, हुद्दा नव्हता, 'संघातील' हा शब्दसुद्धा खोडून 'क्लबशी संबंधित' असं केलं होतं. बाई म्हणाल्या, "आता कोणाच्या बापाला कळायचं नाही." मी टेबलावरच होतो. "आम्ही दोघंच कोपऱ्यात" हे शब्द माझ्यातूनच आले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण टेलिफोनला स्वतःचा आवाज नसतो.

बातमी छापून आली त्या सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच मी खणखणलो. मुख्य गोलकीपर स्वतः बोलत होता.

"हातमोजे बदलले तेव्हा तिथे मी आणि तो, दोघंच होतो," तो म्हणाला. "तिसरं कोणी नव्हतं."

"मी सूत्रांबद्दल काही बोलू शकत नाही," पंचसाहेब म्हणाले.

"नकाच बोलू. जागा हवी होती ना त्याला? सरळ मागायची. मी दिली असती. आता मात्र फायनल मीच खेळणार, बघतोच कोण अडवतं ते."

मित्रांनो, मी खूप शिव्या ऐकल्या आहेत, पण तो आवाज मला शिव्यांहून जड गेला. कारण तो चिडलेला कमी आणि रडवेला जास्त होता. मित्राने बातमी फोडली हा त्याचा आरोप संध्याकाळपर्यंत शहरभर झाला. डॉक्टरांनी तंदुरुस्तीचा दाखला दिला. त्या बातमीनंतर बहुधा मॅनेजरही कचरत होता, पण आता हा पठ्ठ्याच हट्टाला पेटला होता.

अंतिम सामना क्रीडा विभागातल्या टीव्हीवर लागला होता. उत्तरार्धात मुख्य गोलकीपर चेंडूवर झेपावला आणि समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. त्याला उचलून नेलं आणि राखीव गोलकीपर हातमोजे चढवत मैदानात आला, तेव्हा सगळं मैदान त्याची हुर्यो उडवत होतं. त्याने एकही गोल होऊ दिला नाही. आमचा संघ जिंकला, आणि लोक मला फोन करून सांगत होते, "मिळाली ना शेवटी जागा! जिवावर उठला होता मित्राच्या!"

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. पंचसाहेब घाईघाईने म्हणाले, "तू फक्त हो म्हण. मी सगळं खरं लिहितो, तू कशासाठी बोललास तेही लिहितो."

"नको," तो म्हणाला. "आई अजून सगळ्यांना सांगतेय, माझा मुलगा पेपरवाल्यांना असं सांगणारच नाही. तुम्ही लिहिलंत तर तिलाही गप्प बसावं लागेल."

त्यानंतर तो संघ सोडून गेला, शहरही सोडून गेला. त्याचा नंबर बंद झाला. पंचसाहेबांनी दिलेला शब्द पाळला, पण मला थोपटणं मात्र सोडून दिलं.

पुढच्या वर्षी एक संथ आवाज आला. मी लगेच ओळखला, पंचसाहेबांना एक क्षण लागला. तो मुख्य गोलकीपर होता, एकेक शब्द शोधून बोलणारा.

"तुमच्याकडे माझ्या मित्राचा नंबर असेल ना? तो हल्ली येत नाही आमच्याकडे. बायको काही सांगत नाही. आमचं भांडण झालं होतं का हो?"

ज्याने तुला वाचवायचा प्रयत्न केला तो तोच होता, हे एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं असेल. पण दिलेला शब्द होता.

"नाही," ते म्हणाले. "भांडण नाही झालं."

"मग बरं. येईल मग. निरोप द्या एवढा."

"देतो."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला आणि तोच प्रश्न विचारला. आदल्या दिवशीचं त्याला काही आठवत नव्हतं. मग तो रोजच करू लागला. रोज पंचसाहेब "देतो निरोप" म्हणत आणि रोज तो तितकाच खूश होऊन फोन ठेवी. निरोप द्यायला माणूस कुठे होता?

पंचसाहेब निवृत्त झाले; पुढे त्या टेबलावर जो असेल तो "देतो निरोप" म्हणायचा. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि एका सकाळी कामगाराने पक्कड घालून माझी वायर तोडली. त्या दिवशीचा फोन यायचा होता अजून. त्याने नंबर फिरवला असेल, बराच वेळ कानाला लावून धरला असेल. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण कोणी जीव मुठीत धरून तुम्हाला काही सांगितलं, तर त्याचं नाव झाकून मोकळे होऊ नका. त्याने काय पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, तेही झाका. आणि एखादा माजी गोलकीपर तुम्हाला कुठे भेटला आणि त्याने विचारलं, "आमचं भांडण झालं होतं का?" तर कृपा करून नाही म्हणा. तो उद्या पुन्हा विचारेल. उद्याही नाहीच म्हणा.