बाद रोपं

ओल्या कागदाची गुंडाळी निवेदितानं उलगडली आणि चिमट्यानं मिरचीची रोपं एकेक करून उचलायला सुरुवात केली.

चांगलं. चांगलं. मूळ जरा वाकलेलं, बाद. चांगलं. पानाचं टोक पिवळं.

बाद.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणं कंपनीत उगवण तपासायचं काम तिच्याकडे होतं. बाद रोपं जास्त निघाली की अख्खा माल नापास. पिशवीवर बी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव नसायचं, नुसता नंबर. कुणाचं बी, ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून.

हे बी कुणाचं ते तिला पिशवी आली तेव्हाच कळलं होतं. तोंडाला जुन्या साडीच्या काठाची पट्टी. तशी गाठ तिच्या गावात, धावड्यात, एकच बाई मारते, प्रभावतीकाकू. माहेरच्या शेजारच्या कडूबाकाकांची बायको.

गावची म्हणून सूट दिली, असं कुणी म्हणायला नको. कुणी म्हणतही नव्हतं. मॅनेजर मयंक नव्या पोरांना तिचंच उदाहरण द्यायचा, की मॅडम स्वतःच्या गाववाल्यांनाही सोडत नाहीत. ती मान खाली घालायची. आणि ऐकायला थांबायचीही.

नापास.

सलग तिसऱ्या हंगामात. आता कंपनी कडूबाकाकांना बी पिकवायचा प्लॉट देणार नव्हती.

पुढच्या गुंडाळ्या दुसऱ्या नंबरच्या होत्या. तिचा हात मोकळा झाला. चांगलं. चांगलं. मूळ जरा वाकलेलं, पण जमीन धरेल. चांगलं.

पास.

दुपारी चिन्मयी, तिच्या हाताखालची मुलगी, तोंड पाडून टेबलाशी आली. नंबर घालताना तिची गफलत झाली होती. एकाच पिशवीतल्या बियांच्या निम्म्या गुंडाळ्यांवर तिनं भलताच नंबर लिहिला होता. सकाळी नापास झालेलं आणि नंतर पास झालेलं, दोन्ही कडूबांचंच बी.

“मॅडम, पण मग असं कसं होईल?”

निवेदितानं बाद रोपांचा ट्रे पुढे ओढला. मग पास झालेल्यांचा. इकडचं एक रोप, तिकडचं एक, शेजारी शेजारी ठेवलं. वाक तेवढाच. पुन्हा दोन ठेवली. पुन्हा दोन.

चिमटा खाली ठेवताना वाजला.

आणि मागचे दोन हंगाम?

ती रोपं केव्हाच फेकून दिलेली.

ती बाहेर आली तेव्हा कडूबाकाका निकालासाठी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली, सिमेंटच्या कट्ट्यावर बसले होते. तिला तोंड उघडू न देता तेच बोलू लागले. मिरचीचं जाळीघर, ते शेडनेट, गावातल्या पुंजारामला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. पाणी बदललं, खत बदललं, बायांवर न सोपवता फुलांचं परागीकरण स्वतः करून पाहिलं. सगळं बराबर होतं. मग दोष उरला तो आपल्याच बोटांचा.

“सालभर तेच तपासून राह्यलो माय. हातच गेला माझा.”

निवेदिता त्यांच्या शेजारी टेकली. ऑफिसातली भाषा तिला तिथे सापडेना.

“हात चांगला हाय तुमचा, काका. माझी नजर चुकली. काकूची गाठ वळखली की मी जास्तच कडक व्हायचे.”

कडूबाकाका हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता हसू ओसरलं.

“आख्ख्या गावात सांगत फिरतो मी, आमची पोर कुनाची भीड ठिवत न्हाई. आता दया येऊन पास करू नको मला.”

ते उठले. गाडीची किल्ली खिशातून काढली.

तिनं वॉचमनला फाटक उघडू नको म्हणून सांगितलं आणि आत गेली. येताना दोन्ही हातांत दोन ट्रे. एकात बाद केलेली रोपं, दुसऱ्यात तशीच वाकडी, पण पास केलेली. वरच्या नंबरच्या चिठ्ठ्या तिनं काढून टाकल्या होत्या. ट्रे कट्ट्यावर ठेवून ती बाजूला झाली.

“मी काही बोलत न्हाई. तुम्हीच बघा.”

कडूबाकाकांनी चष्मा लावला. वाकले. एका ट्रेवरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. फाटकाबाहेर सळयांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी मान वर केली नाही. उन्हाच्या झळांनी मुळं सुकू लागली.

चष्मा काढत ते म्हणाले, “यातलं नापास कोन्तं?”