तीन ते आठ

ब्रेलचा एक दाणा वर आला की पृष्ठभागापासून जेमतेम पाऊण मिलिमीटर उंच असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर घरी आणून मी तो मोजला आहे. आबांच्या पाटीवर अशा दाण्यांचे वीस खाने एका ओळीत आहेत. त्यांतल्या तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या सहा खान्यांत गेले अकरा महिने एकही दाणा वर आलेला नाही. त्यांच्यावरून बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत लागतं.

पाटी हे आमच्या घरातलं नाव. खरं ते टिपणं घेण्याचं यंत्र, जाडजूड पुस्तकाएवढं. सहा कळा, एक लांब कळ, आणि पुढच्या कडेला ती खान्यांची ओळ. आबांची दृष्टी सातवीत असताना गेली. ते पोखर्णीच्या शाळेत इतिहास शिकवतात, परभणीहून रोज बसने जातात. धडे, हजेरी, बसच्या वेळा, सगळं त्या पाटीत असतं. आणि आईचे चाळीस दिवस.

आई दवाखान्यात होती तेव्हा आबा तिच्या उशाशी पाटी मांडीवर घेऊन बसत आणि ती बोलेल ते टिपत. मी कॉलेज करून संध्याकाळी जायची. आईला वाटायचं, आबा शाळेचं काम करतायत. तिनं मोठं काही सांगितलं नाही. ज्वारीच्या कोठीत लिंबाचा पाला बदला. चांगुणाबाईचं पातेलं आपल्याकडंच राह्यलंय, देऊन टाका. आजचं दूध नासलं होतं, पण त्या नर्सबाईला बोलू नका, लेकुरवाळी हाय.

आई गेली आणि तेराव्यानंतर पाटीचे सहा खाने गेले.

कंपनीच्या फोनवर आबांनी किती तास काढले याची मी नोंद ठेवली नाही, ठेवायला हवी होती. एकदा पलीकडच्या मुलीनं विचारलं, “सर, वरचा दिवा हिरवा दिसतोय की लाल?”

“बाई, तेवढं दिसलं असतं तर तुमचं यंत्र कशाला घेतलं असतं?” आबा म्हणाले. ती गोंधळली आणि तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

पाटीला आवाजही आहे, पण आबांनी टिपणं स्वतःच्या लघुलिपीत घेतलेली. वीस वर्षांत त्यांनी ती आपली आपण घडवलेली. आवाज ती वाचू लागला की दाताखाली खडे आल्यासारखं वाटतं. फाइल कॉम्प्युटरवर उघडत नाही. शेवटी कंपनीनं कळवलं की पाटी पाठवा, आतला पट्टा बदलावा लागेल, मात्र साठवलेलं सगळं पुसलं जाईल.

मग मी एक उपाय काढला. ओळीच्या सुरुवातीला सहा जागा मोकळ्या सोडल्या की मेलेल्या खान्यांतली अक्षरं पुढच्या चांगल्या खान्यांत सरकतात. म्हणजे प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, जुळवून बोलायची, आणि मी वहीत उतरवायची. मधेच पाटी अडकायची. ती बंद करून चालू व्हायला चार मिनिटं लागत. तेवढ्यात आबा चहा घेत आणि आईच्या बोलण्याची नक्कल करत. दर रविवारी आम्ही बसायचो. मार्चपर्यंत आईच्या टिपणांतला दहा नोव्हेंबर गाठला.

अकरा तारीख आली आणि आबा थांबले.

“आज बोटं बधिर झालीत. पुढच्या रविवारी बघू.”

पुढच्या रविवारी शाळेचे पेपर होते, त्याच्या पुढच्या रविवारी कंबर दुखत होती. मे गेला, पावसाळा गेला. अकरा ते अठरा, आठ दिवस राहिले होते.

लहानपणी मी आबांकडून ब्रेल शिकले होते, पण बोटांनी नाही, डोळ्यांनी. दाण्यांची सावली पडली की मला अक्षरं कळतात. मार्चमधल्या त्या रविवारी आबा पाणी प्यायला उठले तेव्हा उन्हाची तिरीप पाटीवर होती. ओळ समोर होती. म, ल. मग सहा सपाट खाने. मग न्या. आबांनी ही एवढीच ओळ लघुलिपीत न लिहिता पूर्ण अक्षरांत लिहिली होती.

मोकळ्या जागा देऊन मी ती सरकवू शकले असते. हात लावला नाही. दवाखान्यात पडलेलं माणूस ‘मला’ आणि ‘न्या’ यांच्या मधे काय म्हणेल, याच्या शक्यता फार नसतात.

अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी मीच आईला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवायचं ठरवलं होतं. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलले, अहवाल मी वाचले, कागदांवर सही मी केली. घरात विज्ञान शिकलेली मीच. आबा कोपऱ्यात पाटी घेऊन बसले होते. मी विचारलं, “न्यायचं ना, आबा?” ते म्हणाले, “तू म्हणशील तसं.” आई डोळे मिटून होती. बारा तारखेला ॲम्ब्युलन्सने तिला नेलं. एकोणीस तारखेला ती तिथेच, काचेच्या दाराआड गेली. त्या दाराच्या आत एका वेळी एकालाच सोडत.

आबा ती ओळ मला वाचून दाखवत नव्हते आणि मी ती पाहिल्याचं त्यांना सांगत नव्हते. सात महिने असेच गेले.

परवा कंपनीचा मेल आला. या जातीच्या पाटीचे सुटे भाग महिनाअखेरपर्यंतच मिळतील, नंतर दुरुस्ती नाही. शाळेतही अडू लागलं होतं. हेडमास्तर भगवानराव चांगले आहेत, पण त्यांनीही विचारलं होतं, “सर, धडा सांगताना मधेच का थांबायलात?”

म्हणून काल, रविवारी, मी खोकं आणून ठेवलं. कुरिअरवाला सोमवारी येणार होता.

“पुढच्या सोमवारी पाठवू,” आबा म्हणाले.

“पुढच्या सोमवारी तारीख उलटलेली असेल.”

“मग राहू दे. सहाच तर खाने गेलेत. बाकीचे चौदा चालायलेत की.”

तेवढ्यात कुसुमआत्या बाहेरून आली. आबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलेलं, म्हणून ती गल्लीतल्या गोठ्यातून बाटली भरून गोमूत्र घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, “निके, ती पाटी उचल गं आधी टेबलावरून. औंदा तिच्यावर नगं.”

मी तिच्याकडे पाहिलं. आबांनी मान वर केली.

“औंदा म्हणजे?” आबा म्हणाले. “अक्का, मागल्या वर्षी काय केलंस तू?”

आत्या बाटली धरून उभी राहिली.

“तेराव्याला सगळ्या घरात शिंपडलं,” ती म्हणाली. “देव्हाऱ्यावर शिंपडलं, कपाटावर, रेडिओवर शिंपडलं. म्या म्हटलं, नर्मदाच्या उशाशी रात्रंदिस हीच व्हती. सुतक हिलाबी असंलच की. म्हणून हिच्यावर जरा जास्तच शिंपडलं.”

“अगं, मग बोलली का न्हाईस?”

“कसं बोलू? दुसऱ्या दिशी तू हिच्यावर बोटं घासायलास, घासायलास, आन् तुझं तोंड असं झालं. माझा धीरच ऱ्हायला न्हाई. रेडिओ तर चालायलाय की रे अजून!”

मला हे माहीत होतं. पाटीच्या फटीतला पांढरा थर मी टाचणीनं काढून प्रयोगशाळेत नेला होता आणि त्यात काय आहे ते मला एका तासात कळलं होतं. कंपनीच्या अर्जात मी ‘द्रव सांडला’ एवढंच लिहिलं.

आबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. “शुद्ध केलीस होय गं! बरं झालं, लहानपणी मला आंघोळ घातलीस तेव्हा माझे हात-पाय तरी चालू ठेवलेस.”

“हस बाबा, हस,” आत्या डोळ्यांना पदर लावत म्हणाली. “अकरा महिने माझ्या गळ्याखाली घास उतरला न्हाई नीट. रोज वाटायचं, आज सांगते, उद्या सांगते.”

आबांचं हसू थांबलं. आत्या बाटली घेऊन आत गेली. स्वयंपाकघरात तिनं नळ सोडल्याचा आवाज आला.

आबांनी पाटी जवळ ओढली, चालू केली. कळा दाबत ते तारखा ओलांडत गेले. आठ, नऊ, दहा. मग थांबले. त्यांचं बोट पहिल्या दोन खान्यांवरून सरकत तिसऱ्यावर आलं आणि सपाट जागेवर टेकून राहिलं. सहा मोकळ्या जागा त्यांनी दिल्या नाहीत. त्यांना त्यांची गरज नव्हती.

“तू लहान असताना दाणे डोळ्यानं वाचायचीस,” ते म्हणाले. “अजून येतं वाचता?”

“येतं,” मी म्हणाले.

त्यांचं बोट हलत नव्हतं, पण नखाच्या कडेला पांढरं झालं होतं.

“म्हणजे तुला ठाऊक हाय.”

“अर्धं.”

“अर्धं वाईट असतं,” आबा म्हणाले. त्यांनी पाटीवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. “मी तुझ्या सहीच्या आधी बोलायला पाहिजे होतं. बोललो न्हाई. मला पण ती जगायला पाहिजे होती.”

मी वही उघडली. दहा नोव्हेंबरच्या खाली मार्चपासून कोरी राहिलेली ओळ होती.

“उद्या पाटी पाठवून दे, निके,” आबा म्हणाले. “आठही दिवस आज सांगतो, काही गाळणार न्हाई. लिही. अकरा तारीख. ‘मला घरी न्या.’”